सकाळचं वचन पाठवणाऱ्यांना

मराठी मंडळ्यांतले पाळकसाहेब, फादर, मंडळीचे वडील आणि रोज पहाटे उठून मोबाईलवर वचन पाठवणारे सगळे बंधुभगिनी,



मी श्रीरामपूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका. माझ्या फोनवर मंडळीचे, महिला मंडळाचे, नातेवाइकांचे मिळून सात गट आहेत आणि पहाटे साडेपाचपासून त्यांवर तुमचे संदेश यायला लागतात. उगवता सूर्य, कबूतर, गुलाबाचं फूल, डोंगरातली पायवाट, आणि त्यावर एक वचन. ते बंद करा असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. मी एकटी राहते. दिवसाची पहिली हाक मला तुमची येते, आणि एखाद्या दिवशी ती आली नाही तर चुकल्यासारखं होतं. कोणीतरी अंधारात उठून, तोंड धुऊन, आधी दुसऱ्यांसाठी शास्त्र उघडतं ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच जे मनात आहे ते तुमच्यापाशी बोलावंसं वाटलं.

माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि चार वर्षं आम्ही आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातची पहिली पाळी मिळाली होती, म्हणजे घरातून सव्वापाचला निघायचं. त्यामुळे तुमचं वचन मला एसटीत मिळायचं. खिडकीबाहेर ऊस, आत पेंगणारी माणसं, आणि हातात उजळलेला फोन. मी ते त्यांना हळू आवाजात वाचून दाखवायची. ते मान हलवायचे. कधी नुसतेच बाहेर बघत राहायचे.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. आमच्या डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर सांगितलं होतं. मी सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवायची, आणि चहा, औषधं, तहान, सगळं त्या बाटलीतून वजा होत जायचं. मे महिन्यात संध्याकाळी चारलाच बाटली रिकामी झाली की त्यांच्या ओठांकडे बघवत नसे. मीठ बेताचं. केळं नाही. शहाळं तर अजिबात नाही, कारण त्यातलं पोटॅशियम निकामी किडनीला बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात ते वाढलं तर थेट हृदयावर येतं. पण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस काय घेऊन जातो? शहाळंच. आमच्याकडे लोक प्रेमाने शहाळी आणायचे. उन्हातून, दोन-दोन आणायचे. मी त्यांना पाणी द्यायची, त्यांचे आभार मानायची, आणि ते गेल्यावर शहाळी शेजाऱ्यांच्या मुलांना देऊन टाकायची. आणणाऱ्याचं प्रेम खोटं नव्हतं. शहाळंही वाईट नव्हतं. फक्त मिस्टरांना काय झालंय हे कोणी विचारलं नव्हतं.

तुमचं एक वचन मला असंच आलं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला आम्ही जाऊ शकलो नव्हतो. ताटातल्या वचनाच्या चिठ्ठ्यांतली एक आमच्या नावाने कोणीतरी उचलली आणि सकाळी तिचा फोटो पाठवला. यिर्मया २९, वचन ११. देवाच्या मनात आपल्यासाठी जे आहे ते हिताचं आहे, त्याच्याकडे आपल्यासाठी आशा आहे, या अर्थाचं ते वचन तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी ते इतर चार गटांवरही वर्षाचं वचन म्हणून आलं. आणि त्याच दिवशी मिस्टरांच्या हातातला फिस्टुला बंद पडला. ज्या शिरेतून रक्त मशीनमध्ये जायचं ती वाट मिटली. आता मानेतून नळी घालायची, असं ठरलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि हातात पाच ठिकाणांहून आलेलं तेच वचन होतं. मला राग आला. देवाचा आला की तुमचा, ते तेव्हा मला कळलं नाही.

पण चार तास थांबायचं होतं. पिशवीत शास्त्र होतं. म्हटलं, हे वचन जिथे आहे तिथे जाऊन तरी बघू. मी एकोणतिसावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचला, मग मागे जाऊन अठ्ठाविसावा. लहानपणापासून शब्बाथशाळेत बसलेली बाई मी, अनेक वर्षं तिथे शिकवलेलंही आहे, पण ते दोन अध्याय मी सलग कधी वाचले नव्हते.

तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे, तेही खुलं पत्र. इ.स.पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमचा राजा, राजमाता, सरदार, सुतार आणि लोहार धरून बाबेलला नेले. यिर्मया मागे राहिला. त्याने त्या परागंदा लोकांना यरुशलेमाहून पत्र लिहिलं आणि शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या यांच्या हाती पाठवलं. पत्र नेणाऱ्यांची नावंसुद्धा शास्त्राने जपून ठेवली आहेत. रोज सकाळी वचन पोचवणाऱ्या तुम्हांला त्याचं विशेष वाटायला हवं.

त्या लोकांना तेव्हा एकच ऐकायचं होतं, घरी कधी जायचं? आणि तसं सांगणारा एक होता. हनन्या. त्याने मंदिरात सगळ्यांसमोर सांगितलं, दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची पात्रंही येतील. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, ते त्याने काढून मोडून टाकलं. मला या प्रसंगात सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर यिर्मयाचं पहिलं उत्तर. तो आधी आमेन म्हणाला. असंच होवो, म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं! पण देवाने त्याच्या तोंडी दोन वर्षं दिली नव्हती, सत्तर दिली होती. आणि मग त्या पत्रात तो लोकांना सांगतो की तिथेच घरं बांधा आणि राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं लावा. ज्या शहराने तुम्हांला धरून नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं होईल त्यातच तुमचं भलं आहे.

सत्तर वर्षं दहाव्या वचनात आहेत आणि आशा अकराव्यात. तुम्ही अकरावं पाठवता.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या मराठीत ‘तुम्ही’ एका माणसालाही म्हणतात आणि गावालाही. फोनवर ते वचन आलं की प्रत्येकाला वाटतं, हे मला, माझ्या नोकरीला, माझ्या रिपोर्टला उद्देशून आहे. मूळ पत्रातलं ‘तुम्ही’ हे सगळ्या लोकांना आहे. ते ऐकणाऱ्यांतले कितीतरी बाबेलमध्येच म्हातारे होऊन मरणार होते. त्यांनाही आशा दिली आहे, पण ती नातवंडांच्या हाती पडणारी आशा आहे. हे मला बाकावर बसून समजलं तेव्हा राग उतरला. कारण आमचंही तसंच होतं. हा आजार बरा होणारा नव्हता. त्यांचं वय आणि हृदय बघता दुसरी किडनी बसवता येणार नव्हती. आम्ही दोन वर्षांत घरी जाणाऱ्यांतले नव्हतो, सत्तर वर्षांवाले होतो. आणि देव त्यांच्याशीही बोलतो, अगदी तपशिलात बोलतो, घरं कशी करा, मळे कसे लावा ते सांगतो, हे त्या एका ओळीत मला कधीच मिळालं नसतं.

त्या जूनमध्ये मिस्टरांनी परसात शेवग्याची फांदी लावली. त्यांना शेवगा चालत नव्हता. तरी लावली, आणि भांडी विसळलेलं पाणी स्वतः नेऊन घालायचे.

मग मी डायलिसिसच्या त्या चार तासांत सलग वाचायला लागले. अध्यायच्या अध्याय. शेजारच्या खाटेवर नेवाशाकडचे एक आजोबा असायचे, गळ्यात तुळशीची माळ. ते एकदा म्हणाले, मोठ्याने वाचा बाई, वेळ जात नाही. मी त्यांना यिर्मयाचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पुढे काय झालं ते विचारलं, लोक परत आले का ते विचारलं, आणि मग म्हणाले, “तुमच्यात याचं निरूपण कोण करतं?”

मी उत्तर दिलं, पाळकसाहेब करतात, रविवारी. ते खरंच आहे. पण आठवड्यातले बाकीचे सहा दिवस आपण माणसाला निरूपणाशिवाय सोडतो, आणि आता बहुतेकांचं शास्त्र म्हणजे त्या सहा दिवसांतलं फोनवरचं वचनच झालं आहे. त्या आजोबांच्या परंपरेत कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्यावर तास-दीड तास उभा राहतो. चरणाचरणाचा अर्थ उलगडतो. हे आपल्याला परकं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली दहा हजारांवर ओव्यांचं क्रिस्तपुराण छापलं ते याच समजुतीने, की या मातीतल्या माणसाला कथा पहिल्यापासून सांगावी लागते, नुसतं सार सांगून चालत नाही. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उपासनेत भजन-कीर्तनाचा आग्रह धरला. त्यांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाईंना लहानपणी शाळा मिळाली नव्हती त्यांनी ख्रिस्ताची गोष्ट अर्ध्यावर सोडली नाही.

तुम्ही म्हणाल, लोकांना वेळ नाही, लांब वाचत नाहीत. थोडं, हलकं, दिवस बरा जाईल असंच हवं असतं. हे मला पटतं. मीही सकाळी घाईत असते. हलकं वचन नको असं माझं म्हणणं नाही. फिलिप्पैकरांस पत्राचं उदाहरण घ्या. चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन, सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर सगळं करता येतं हे सांगणारं, परीक्षेच्या दिवसांत मुलांना हमखास जातं. जाऊ द्या. पण पौलाने ते तुरुंगातून लिहिलं आहे, आणि आधीच्या दोन ओळींत तो सांगतो की पोटभर असताना आणि उपाशी असताना, दोन्हींत समाधानाने राहायला तो शिकला. म्हणजे ज्या ‘सगळ्या’बद्दल तो बोलतो त्यात नापास होऊन उभं राहणंही येतं. आणि त्याच्या लगेच पुढचं, चौदावं वचन? तिथे तो मंडळीचे आभार मानतो, की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात ते बरं केलंत. मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत धाडली होती, आणि तो माणूस या कामात मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. बळ देवाने दिलं, आणि डबा माणसाने पोचवला. हे दोन्ही एकमेकांशेजारी आहेत. शेजारची ती एक ओळ जोडायला तुम्हांला कितीसा वेळ लागेल? आणि ती वाचून एखाद्याने खरंच त्या दिवशी डबा नेला तर?

दुसरं मागणं जरा अवघड आहे. कधीतरी दुःखाचं वचनही पाठवा.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतला साधारण तिसरा हिस्सा रडण्याचा, विचारण्याचा, देवाशी भांडण्याचा आहे. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या फोनवर तेविसावं स्तोत्र शेकड्यांनी आलं, एकशे एकविसावं आलं, एक्याण्णवावं तर करोनाच्या काळात रोज आलं. अठ्ठ्याऐंशीवं एकदाही आलं नाही. ते स्तोत्र अंधारात संपतं. शेवटी उजाडत नाही. जिवलग दूर गेले, एवढंच म्हणून स्तोत्रकर्ता थांबतो. आणि तरी त्याच्या माथ्यावर गायनाची सूचना आहे. म्हणजे हे एकट्याने उशीत तोंड खुपसून म्हणायचं नव्हतं, सगळ्यांनी मिळून गायचं होतं. शास्त्राने ज्याला गाण्यात जागा दिली त्याला आपण आपल्या सकाळीत जागा देत नाही. मिस्टर गेले त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला सांत्वनाची पंचवीस-तीस चित्रं आली, आणि मी ती सगळी प्रेमाने वाचली. पण मला रडायला शब्द हवे होते. ते मी स्वतः शोधले. तुम्ही पाठवले असते तर मला कळलं असतं की मंडळी माझ्याबरोबर त्याच खोलीत बसली आहे.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे येते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी, अनाथ मुली आणि बाया गोळा करून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या. त्या बायांना समजेल अशा साध्या मराठीत शास्त्र असावं म्हणून इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं, त्याच्या अगदी आधी ते पुरं झालं होतं, आणि १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात ते छापून निघालं. तिथल्या बायांनीच खिळे जुळवले. मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. दुष्काळातून आलेल्या बायांपुढे शास्त्र ठेवताना रमाबाईंनी निवड केली नाही. उपाशी लेकरांची कहाणी असलेली विलापगीतं, ईयोब, सगळं दिलं. त्या बायांना सगळं पेलेल, त्यांना सगळ्यावर हक्क आहे, असं त्यांनी धरलं. आम्हांलाही तसंच धरा. आम्ही दिसतो तेवढे नाजूक नाही.

आणि रोजच्या जगण्याला हुरूप देणारं हवंच असेल, तर शास्त्रात ते खच्चून भरलं आहे, फक्त ते सूर्योदयाच्या चित्रावर बसत नाही. एलीयाला घ्या. १ राजे, अध्याय १९. कर्मेलावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस लगेच ईजबेलेच्या धमकीने पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला काय वचन देतो? त्या वेळी काहीच नाही. देवदूत येऊन त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर असते आणि पाण्याची सुरई. तो खातो, पितो, परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. तू विश्वासात कमी पडलास, असं एक अक्षर नाही. जेवण, झोप, पुन्हा जेवण, आणि मग चाळीस दिवसांची चाल. मी हा भाग वॉर्डात वाचला तेव्हा पाळी बदलून आलेली एक सिस्टर थांबून ऐकत होती. रात्रपाळीनंतर परत ड्यूटीवर आलेली. ती म्हणाली, परत एकदा वाचा ना, तो झोपतो तिथपासून.

याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभूने उठवलं आणि घरातले सगळे थक्क होऊन उभे राहिले तेव्हा तो काय सांगतो, तर हिला काहीतरी खायला द्या. पुनरुत्थानानंतर तो किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव करून मासे आणि भाकर तयार ठेवतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना न्याहारीला बोलावतो. चुलीजवळ वावरणाऱ्या बाईला यापेक्षा जवळचा प्रभू कुठे भेटणार? सकाळी पोळ्या लाटताना मला हे आठवतं आणि त्या दिवशी पोळ्या करण्याचा कंटाळा येत नाही. कुणासाठी करायच्या हाच आता प्रश्न असतो, म्हणून दोन जास्त करते आणि बुधवारी नेते.

हो, बुधवारी मी अजूनही त्या वॉर्डात जाते. मिस्टरांना जाऊन दोन वर्षं झाली. माळकरी आजोबाही गेले. त्यांच्या खाटेवर आता आपल्याच मंडळीतला एक तरुण रिक्षावाला येतो, घरी लहान मुलगी आहे. त्याचा धीर अजून बसलेला नाही. पाणी मोजून प्यायचं त्याला जमत नाही, फार चिडतो. त्याच्याही फोनवर तुमचं वचन येतं. मागच्या आठवड्यात त्याने मला ते दाखवलं आणि विचारलं, “बाई, हे माझ्यासाठी आहे का?”

मी त्याला यिर्मयाचं पत्र वाचून दाखवायला घेतलं आहे, थोडं थोडं. दहाव्या वचनापर्यंत आलो आहोत. शेवग्याला यंदा भरपूर शेंगा आहेत, त्या सिस्टरांना नेते. तुमच्यापैकी कोणी या आठवड्यात एलीयाचा तो भाग पाठवणार असेल, अध्याय सगळा, तर मंगळवारी रात्रीच पाठवा. पहिली पाळी सातला सुरू होते आणि सुई लागल्यावर पहिला अर्धा तास त्याला फार जड जातो.

तुमची बहीण,
श्रीरामपूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका